सोबतीचं परिशिष्ट

माझ्या आत्याला एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिला मेमो मिळाला, त्याची ही गोष्ट. सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "ब्रेक! अहो ब्रेक!" असं ओरडायची सवय झाली आहे. हळू बोलणं मला जमत नाही, आणि ही गोष्ट हळू आवाजात सांगण्यासारखी नाहीच.

आत्या विधिमंडळाच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. सभागृहापुढे कायद्याचा जो मसुदा येतो, ज्याला विधेयक म्हणतात, तो छापण्याआधी अक्षर न् अक्षर तपासायचं तिचं काम. हे काम जोडीने चालतं. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, अगदी स्वल्पविराम आणि कंससुद्धा तोंडाने म्हणायचे, आणि दुसऱ्याने छापील ओळीवर बोट ठेवून ताडून पाहायचं. छापखान्यात तिला सगळे तोंडावर 'चाळणी' म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. तिच्या हातून एखादा कागद गेला की त्यावर ती स्वतःच्या अक्षरात लिहिते, 'तपासले, अंतिम.' ते दोन शब्द दिसले की फोरमनसुद्धा तो कागद पुन्हा उघडून बघत नाही.

आत्या राहते बाईंसोबत. या माझ्या गणिताच्या बाई. सहावीत त्यांनी मला नापास केलं, तेव्हा आत्या बाह्या सरसावून शाळेत भांडायला गेली. बाईंनी शांतपणे माझा पेपर पुढे केला. आत्याने सवयीप्रमाणे ओळीवर बोट ठेवून तो तपासला आणि म्हणाली, "तुमची बेरीज चुकलीय. पोरीला एक मार्क जास्त दिलाय." बाईंनी बेरीज पुन्हा करून पाहिली, मग म्हणाल्या, "बसा ना. चहा घेणार?" मी बाजूला उभी होते, एका मार्काने आणखी खाली गेलेली. चार वर्षांनी आत्या आपली ट्रंक घेऊन बाईंच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेली, त्याला सव्वीस वर्षं झाली. थोडक्यात काय, ते घर माझ्या नापास होण्यावर उभं आहे आणि हे श्रेय मी कुणालाही देणार नाही.

तर, यंदा बाईंच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना दर तिसऱ्या पायरीला थांबायला लागल्या, आणि वर म्हणायच्या, "पायऱ्या मोजतेय ग, घाई कसली." डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करायची, तीन आठवड्यांच्या आत, त्यापुढे आपली जबाबदारी नाही. आम्ही तिघी तारीख घ्यायला इस्पितळाच्या खिडकीवर गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "घरचं माणूस कोण?"

"मी," आत्या म्हणाली.

"नातं?"

इथे सगळं अडलं. बाई स्वतः सही करणार होत्याच, पण त्यांची शुद्ध गेल्यावर काही ठरवायची वेळ आली तर नातलगाची सही लागते, आणि शस्त्रक्रियेनंतर ठेवतात त्या काचेच्या खोलीत फक्त नातलगालाच बसू देतात. बाईंना नातलग म्हणायला एक भाचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघतो जमतंय का." पुढच्या महिन्यात! माझा पाय नसलेल्या क्लचवर गेला.

पण आत्या तयारीने आली होती. तिने पिशवीतून एकशे बेचाळीस पानांचा कोर्टाचा निकाल काढून खिडकीत ठेवला. अकरा वर्षांपूर्वीचा. एक घड्याळं दुरुस्त करणारा आणि एक निवृत्त खलाशी, दोघे मित्र, एकोणीस वर्षं एका खोलीत राहिलेले. खलाशी इस्पितळात तीन दिवस मित्राला हाका मारत गेला आणि घड्याळजी तीन दिवस दाराबाहेर बसून राहिला, कारण तो 'कुणी नव्हता'. त्याने कोर्टात धाव घेतली आणि जिंकला. सर्वांत वरच्या कोर्टाने ठणकावून सांगितलं की माणसाने सोबत म्हणून निवडलेल्या माणसाला त्याच्यासाठी सही करायचा आणि त्याच्या उशाशी बसायचा हक्क आहे, आणि विधिमंडळाने दोन वर्षांत तसा कायदा करावा.

कारकून माणूस भला होता. त्याने आदराने पानं चाळली. "ताई, मी कुठं नाही म्हणतोय? हक्क तुमचाच आहे. पण नमुना कुठंय?"

"कसला नमुना?"

"अर्जाचा. माझ्याकडे पती, पत्नी, मुलगा, मुलगी, जवळचे नातलग एवढेच रकाने. सोबती हा रकानाच नाही. तुमची सही घेऊ कशावर? उद्या साहेबांनी विचारलं कुठल्या नियमाखाली घेतली, तर मी निकालाच्या कुठल्या पानावर शिक्का मारू?"

मी त्याच्याशी भांडले. चांगली कडाकडा भांडले. मागच्या रांगेतल्या दोघांनी मला साथ दिली. आत्या मात्र निकालाची पानं परत पिशवीत भरायला लागली, कारण तो खरं बोलत होता हे तिला ठाऊक होतं. त्या नमुन्याची वाट ती अकरा वर्षं बघत होती, आणि तो का येत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? सोबतीच्या विधेयकाचा प्रत्येक मसुदा तिच्याच बोटाखालून गेला होता.

पहिलं विधेयक आलं तेव्हा सोबती म्हणजे कोण, यावर समिती बसली. एक म्हणाला तीन वर्षं एकत्र राहिलेले, दुसरा म्हणाला दहा, तिसऱ्याने विचारलं, मग भाडेकरूचं काय, चौथ्याने शेजारणीला सोबती म्हणायचं का असा प्रश्न काढला. समिती चहा पीत राहिली आणि सभागृहाची मुदत संपली. मुदत संपली की पडून राहिलेली विधेयकं मरतात, असा कायदाच आहे. दुसरं विधेयक आलं तेव्हा निवडणूक तोंडावर होती. सत्तेतले म्हणाले, कोर्टाने हक्क दिलाच आहे, आता कायदा कशाला? विरोधकांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं आणि पुढे स्वतः सत्तेत आल्यावर तेच वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. आत्याने दोन्ही भाषणं तपासली होती. "एका शब्दाचाही फरक नव्हता ग," ती सांगते.

तिसरं विधेयक सगळ्यांत चांगलं होतं. त्याच्या शेवटी परिशिष्ट होतं, म्हणजे जोडलेलं एक पान, आणि त्या पानावर अर्जाचा नमुना छापलेला. आडवळण नाही, भरा आणि द्या. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ते यादीत नवव्या क्रमांकावर होतं. सभागृहात दुसऱ्याच कशावरून तरी गदारोळ झाला आणि कामकाज सहाव्या क्रमांकावर आटोपलं.

त्या दिवशी आत्या डुलकीवर भडकली होती. डुलकी म्हणजे एक म्हातारा सदस्य. सभागृहात डोळे मिटून बसतो म्हणून हे नाव. आपलं भाषण तपासायला तो छापखान्यात येतो, कारण त्याच्या भाषणात चुका चाळणीनेच काढाव्यात असा त्याचा हट्ट. तिने त्याला सरळ विचारलं, "तुम्हाला लाज नाही का वाटत?"

तो उसासा टाकून बाकावर बसला. "ताई, न्यायाधीशाला एका खटल्यातली दोन माणसं दिसतात. आम्हाला प्रत्येक घरातले भाचे-पुतणे दिसतात. आज इस्पितळात सही दिली, उद्या घर मागतील, अशी त्यांना धास्ती. आणि भाचे-पुतणे मतदान करतात हो. नाही म्हणावं तर कोर्ट कान उपटणार. म्हणून आम्ही नाही म्हणत नाही. हो म्हणायला उठतही नाही."

"म्हणजे सगळे हॉर्न वाजवतात आणि गिअर कुणीच टाकत नाही," आत्याने हे घरी सांगितल्यावर मी म्हणाले होते. बाई हसून हसून खोकायला लागल्या होत्या.

आता चौथं विधेयक आलं, ते नेमकं बाईंच्या तीन आठवड्यांतल्या पहिल्या आठवड्यात. आनंदाने उड्या माराव्यात तर त्यात परिशिष्टच नव्हतं. कुणीही विरोध करू नये म्हणून ते कातरून टाकलं होतं, आणि सातव्या कलमात लिहिलं होतं, 'अर्ज विहित नमुन्यात करावा.' आत्याने ते वाचलं आणि 'विहित' या शब्दावर बोट ठेवलं. विहित म्हणजे नमुना नंतर ठरणार. नंतर म्हणजे खात्याला वेळ मिळेल तेव्हा. एकोणीस वर्षांपूर्वी तिने तपासलेल्या एका कायद्याचे विहित नमुने अजून यायचे होते. बाईंकडे होते सतरा दिवस.

बुधवारी सकाळी आत्याने विधेयक तपासून दिलं आणि दुपारी अर्धी रजा टाकून बाईंना तपासणीला नेलं. तिची अर्धी रजा म्हणजे छापखान्यात भूकंपच. आणि त्याच दुपारी बांधणीदादाने घोळ घातला.

बांधणीदादा छापील पानांचे गठ्ठे लावून टाचतो. त्याला घाई होती, शुक्रवारी सकाळी प्रती सभागृहात हव्या होत्या. गेल्या खेपेला सोबतीच्या विधेयकाला परिशिष्ट होतं हे त्याला पक्कं आठवत होतं. या खेपेला गठ्ठ्यात दिसेना. राहिलं असणार, असं म्हणून तो आत्याच्या कपाटाशी गेला. तिथे तिसऱ्या विधेयकाची न वापरलेली परिशिष्टं ठेवली होती. ती रद्दीत जायची होती, पण आत्याच्याने ती टाकवेनात, म्हणून तिने तीन वर्षं जपून ठेवली होती. वर तिच्याच अक्षरात चिठ्ठी: 'सोबती. परिशिष्ट. तपासले, अंतिम.' चाळणीने अंतिम म्हटलंय म्हटल्यावर कोण विचारतो? त्याने ती धडाधड टाचून टाकली.

शुक्रवारी मी दोन विद्यार्थ्यांचे तास पुढे ढकलले आणि आत्याबरोबर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले. दारात विधेयकाच्या प्रती ठेवल्या होत्या. आत्याने एक उचलली, सवयीने शेवटचं पान उलटलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे इथं कसं?"

मी वाकून पाहिलं. नमुना! अख्खाच्या अख्खा नमुना, 'सोबतीचे नाव' या रकान्यासकट! मला किंचाळावंसं वाटलं. "आत्या! अगं, हे मंजूर झालं तर?"

"चुकून आलंय ते."

"मग येऊ दे ना! गप्प बस! तुला कुणी विचारलंय?"

खाली अध्यक्ष कलमं मांडत होते. दोन ते चार मंजूर. पाच, सहा मंजूर. सभागृह अर्धं रिकामं, सदस्य आळोखेपिळोखे देत 'होय' म्हणत होते. आणखी पाच मिनिटं आत्याने तोंड मिटून धरलं असतं तर काम फत्ते होतं. पण ती पिशवीत पेन शोधायला लागली. मी तिचा हात धरला. खरं सांगते, त्या क्षणी मला तिला सज्जातून खाली ढकलावंसं वाटलं.

"बाईंचा विचार कर!" मी म्हणाले.

"तोच करतेय," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "चुकून आलेलं पान उद्या कुणीतरी कोर्टात नेईल. म्हणेल, हे सभागृहाने ठरवलंच नव्हतं. अख्खा कायदा पडेल. मग अजून अकरा वर्षं. न तपासलेल्या कागदावर मी तिच्यासाठी सही करणार नाही."

तिने चिठ्ठी लिहिली: 'परिशिष्ट मसुद्यात नव्हते. चुकून बांधले गेले. चूक माझ्या कपाटाची.' खाली सही आणि हुद्दा. शिपायाने ती अध्यक्षांपर्यंत नेली. मी डोक्याला हात लावून बसले. गेलं, सगळं गेलं, हेच डोक्यात.

अध्यक्षांनी चिठ्ठी दोनदा वाचली, मग मोठ्याने वाचून दाखवली. सभागृहात कुजबुज झाली. जे पान कुणीच उलटलं नव्हतं ते आता सगळ्यांनी उलटलं. सज्जातल्या बातमीदारांनी पेनं काढली. अध्यक्ष म्हणाले, "परिशिष्ट छापील विधेयकाचा भाग म्हणून आपल्यापुढे आलं आहे. ज्या सदस्याला ते वगळावंसं वाटतं त्यांनी उभं राहून तशी सूचना मांडावी."

आणि कुणी उठेना!

मी बघतच राहिले. मंत्री अर्धवट उठले, सज्जाकडे, बातमीदारांकडे पाहिलं आणि पेन पडल्यासारखं करून बसले. विरोधी पुढारी छताचा पंखा न्याहाळायला लागले. एकाला अचानक खोकला आला. अकरा वर्षं हे पान घालायला कुणी उठलं नव्हतं, कारण उठणाऱ्याचं नाव सगळ्या भाच्या-पुतण्यांच्या लक्षात राहिलं असतं. आता ते काढायलाही कुणी उठेना, कारण म्हातारीला इस्पितळाच्या दाराबाहेर ठेवणारा म्हणून त्याचं नाव उद्या छापून आलं असतं. मला हसू आवरेना. अध्यक्षांनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं.

मग कोपऱ्यात एक खुर्ची करकरली. डुलकी उठला.

"अध्यक्ष महाराज," तो घसा साफ करत म्हणाला, "पान आलंच आहे, तर ते चुकून राहू नये. रीतसर राहावं. माझी सूचना आहे की सातव्या कलमात 'विहित नमुन्यात' याऐवजी 'परिशिष्टातील नमुन्यात' असं घालावं, आणि परिशिष्ट विधेयकाचा भाग व्हावं." मग त्याने मान वर करून सज्जाकडे पाहिलं. "तपासून घ्यावं, ताई."

"अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं," अध्यक्ष म्हणाले.

"होय!" पहिला आवाज कुणाचा होता कोण जाणे, पण त्यामागून अख्खं सभागृह म्हणालं. प्रतिकूल? कुणी नाही. मी सज्जात उभी राहून शिट्टी वाजवली. दोन पहारेकऱ्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मी जिन्यावरही शिट्टी वाजवत गेले.

सोमवारी आत्याला मेमो आला. रद्दी कपाटात ठेवल्याबद्दल ताकीद. तिने तो दोनदा वाचला, त्यातल्या तीन चुका लाल पेनने दाखवल्या आणि 'तपासले' असं लिहून फोरमनकडे परत पाठवला. 'अंतिम' मात्र लिहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी नखं खाऊन काढले. कायद्यावर वरची सही व्हायची होती, मग राजपत्रात छापून यायचा होता, तेव्हा कुठे तो लागू होणार. बाई आता पायऱ्याच चढत नव्हत्या. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे खाट टाकून पडल्या होत्या आणि शेजाऱ्यांच्या मुलीला अपूर्णांक शिकवत होत्या. त्या सतरा दिवसांतल्या सोळाव्या दिवशी सकाळी नऊला सही झालेला कागद छापखान्यात आला. आत्याची जोडीदारीण रजेवर होती, म्हणून मूळ प्रत वाचायला बांधणीदादा बसला. अपराधाच्या भावनेने त्याने प्रत्येक स्वल्पविराम असा खणखणीत म्हटला की यंत्रावरची माणसं काम सोडून ऐकायला आली. साडेअकराला आत्या गरम प्रत घेऊन दारात आली, आणि मी गाडी चालूच ठेवली होती. त्या दिवशी मी गाडी कशी चालवली हे माझ्या विद्यार्थ्यांना कृपया कुणी सांगू नये.

खिडकीतल्या कारकुनाने राजपत्र पाहिलं, शेवटचं पान काढलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हां! आता कसं बोललात! हाच तो नमुना!" त्याने मागच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारून दाखवला. "भरा ताई, भरा."

आत्याने जागीच उभं राहून अर्ज भरला. 'सोबतीचा कालावधी' या रकान्यात तिने 'सव्वीस वर्षे' लिहिलं आणि शेवटचं अक्षर ओळीखाली गेलं. तिने ते खोडून पुन्हा लिहिलं नाही. कारकुनाने शिक्का असा धाडकन मारला की खिडकीची काच हलली. तारीख मिळाली, दुसऱ्या दिवशी सकाळची.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. मग बाईंना काचेच्या खोलीत आणलं. दारावर पहारेकरी होता. "आत फक्त घरचं माणूस," तो म्हणाला. आत्याने शिक्का मारलेला कागद पुढे केला. त्याने तो शांतपणे वाचला आणि बाजूला होऊन दार उघडलं. काचेतून मला दिसलं, आत्याने बाईंच्या उशाशी खुर्ची ओढली. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले आणि त्यांचे ओठ हलले. आत्या वाकली, काहीतरी बोलली आणि हसत हसत रडायला लागली. नंतर मला कळलं, बाईंनी विचारलं होतं, "अर्जात खाडाखोड नाही ना केलीस?"

मीही आत घुसायला निघाले. पहारेकऱ्याने हात आडवा केला. "तुम्ही कोण?"

"त्या बसल्यात ना, त्यांची भाची. सख्खी, रक्ताची."

त्याने कागदावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचलं. "तुमचं नाव यात नाही. तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

"माहितेय हो!" मी इतक्या जोरात ओरडले की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. मग मी दाराबाहेरच्या बाकावर ऐसपैस बसले, आणि आयुष्यात कधी नव्हे ते, मला बाहेर ठेवल्याचा इतका आनंद झाला.